भिंतभर उठाव, बेताचा खर्च : वाचकांचे प्रश्न

पोताच्या, म्हणजे फळीवर जाड लेप देऊन त्यात उठाव काढलेल्या, भिंतीवर लावायच्या मोठ्या चित्रांबद्दलच्या प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. बहुतेक प्रश्न वरच्या लेपाबद्दल आहेत आणि बहुतेक उत्तरं खालच्या फळीपाशी जाऊन पोचतात. म्हणून आमचं मत आधीच सांगून ठेवतो. पैसे वाचवायचे तर लेपात वाचवा. फळी, चौकट आणि वाळवण्याचा वेळ यांत काटकसर करू नका.

प्रश्न : ४ फूट × ३ फूट मापाचं उठावाचं चित्र करायचं आहे. चित्रकलेच्या दुकानातली तयार मॉडेलिंग पेस्ट एवढ्या मापाला परवडत नाही. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) वापरू, वॉल पुट्टी वापरू, की आणखी काही? आणि किती लागेल?

आधी हिशेब करू. ४ × ३ फूट म्हणजे साधारण १.१ चौरस मीटर. त्यावर सरासरी ३ मिमी थर द्यायचा तर सव्वातीन-साडेतीन लिटर लेप लागतो. भांड्याला आणि पट्टीला लागून वाया जाणारा धरून चार लिटरची तयारी ठेवा. इथे ‘सरासरी’ हा शब्द लक्षात घ्या. ६ मिमी उंच कंगोरे काढले तरी दोन कंगोऱ्यांमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही, त्यामुळे सरासरी तिथेही ३ मिमीच येते. पूर्ण पृष्ठभागावर सपाट ६ मिमी थापलात तर साहित्य दुप्पट लागतं, वजनही दुप्पट होतं आणि उठाव मात्र काहीच दिसत नाही.

आता साहित्य. तयार मॉडेलिंग पेस्ट म्हणजे मुळात संगमरवराची किंवा खडूची बारीक भुकटी आणि तिला धरून ठेवणारं अॅक्रिलिक. हेच काम घरी खडू पावडर आणि सुतारकामाचा पांढरा डिंक, म्हणजे पीव्हीए, करू शकतात. प्रमाण मापाने घ्या : २ वाट्या चाळलेली खडू पावडर, १ वाटी डिंक आणि पाव वाटी पांढरा मॅट इमल्शन रंग. डिंक आणि रंग आधी एकजीव करा, मग पावडर थोडी थोडी घालत ढवळा. पाणी लागलंच तर चमच्याने घाला, वाटीने नको. पट्टीवर घेतलेला लेप उलटा धरला तरी पडत नाही आणि पट्टी ओढली की मागे खुणा तशाच उभ्या राहतात, इतका तो घट्ट हवा.

एक गोष्ट पहिल्यांदा करणाऱ्यांना चकवते. २ वाट्या पावडर आणि १ वाटी डिंक मिळून ३ वाट्या लेप होत नाही. पावडरच्या कणांमधली हवा निघून जाते आणि हाती पावणेदोन ते दोन वाट्याच पडतात. चार लिटर लेपासाठी म्हणून चार-साडेचार लिटर पावडर आणि सव्वादोन लिटरच्या आसपास डिंक धरा. अर्धं चित्र झाल्यावर डिंक संपला तर दुसऱ्या घाण्याचा पांढरेपणा थोडा वेगळा येतो, आणि रंग न देता पांढरंच ठेवायचं असेल तर तो सांधा कायमचा दिसतो.

लेपात डिंक वाढवला की तो जास्त चिवट होतो, पण आकसतोही जास्त, आणि वाळल्यावर रबरासारखा होऊन काचपेपरला दाद देत नाही. डिंक कमी केला तर बोट फिरवताच पांढरी पूड हाताला लागते. खडबडीत पोत हवा असेल तर पावडरचा चौथा हिस्सा काढून तेवढी बारीक चाळलेली, धुऊन सुकवलेली वाळू घाला. वाळू आकसत नाही, त्यामुळे तडेही कमी जातात.

जिप्सम बोर्डाचे सांधे भरायला वापरतात ते तयार जॉइंट कंपाउंड हा दुसरा चांगला पर्याय. ते बादलीत तयार मिळतं, हाताला मऊ लागतं, सावकाश वाळतं आणि चूक झाली तर ओल्या पट्टीने पुसता येतं. ते ठिसूळ मात्र असतं, म्हणून दर लिटरमागे दोन-तीन मोठे चमचे पांढरा डिंक मिसळा. मोठ्या मापाचं पहिलंच काम असेल तर आम्ही हेच सुचवू.

अॅक्रिलिक वॉल पुट्टी चालते, पण ती मुळात पातळ हातासाठी केलेली असते. एका वेळी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या वर गेलात की तडकते. हलक्या, खरवडल्यासारख्या पोतासाठी ती घ्या, जाड कंगोऱ्यांसाठी नको. पाण्यात कालवायची व्हाइट सिमेंटची पुट्टी भिंतीवर उत्तम, पण लाकडी फळीवर किंवा कॅनव्हासवर ती घेऊ नका. ती दगडासारखी कडक होते, खालची फळी दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, आणि या ओढाताणीत पुट्टी सुटते. शिवाय ती क्षारधर्मी असल्यामुळे हातांची त्वचा जळजळते.

पीओपी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घाईचं. त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

प्रश्न : मोठा कॅनव्हास घ्यावा की फळी? कॅनव्हास हलका असतो म्हणून तोच घ्यावासा वाटतो.

सरासरी ३ मिमी लेप द्यायचा असेल तर फळी. कॅनव्हास ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला असतो. लेप ओला असताना मधोमध पोट सुटतं, आणि वाळल्यावर कोणी मागून बोट लावलं तरी वरचा कडक थर तडकतो. घरात जुना कॅनव्हास पडून असेल आणि तोच वापरायचा असेल, तर मागच्या चौकटीच्या आत बसेल असा जाड पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा कॅनव्हासच्या पाठीला टेकवून चिकटवा आणि लेप २ मिमीच्या आत ठेवा. छापील, गुळगुळीत चित्राचा कॅनव्हास असेल तर आधी १२० नंबरच्या काचपेपरने चमक मारा आणि प्रायमरचा हात द्या. नाहीतर लेप पापुद्र्यासारखा उचलून येतो.

फळीत ६ मिमी प्लायवूड आमच्या पसंतीचं. ४ × ३ फुटाचा तुकडा चार किलोच्या आसपास भरतो. त्याच जाडीचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) पाच किलोच्या आसपास जातं, जास्त सपाट असतं आणि बहुधा स्वस्त पडतं, पण त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि पावासारख्या फुगतात. एमडीएफ घेतलंत तर कडांना डिंकात थोडं पाणी घालून दोन हात आधी द्या.

फळीमागे चौकट हवीच. २५ × ४० मिमीच्या सरळ रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, घ्या, ४० मिमीची बाजू फळीपासून मागे उभी ठेवा. चारही कडांना एकेक रीप आणि मध्ये दोन आडव्या. डिंक लावून, मागून दर ६ इंचांवर स्क्रू मारून चौकट फळीला बसवा आणि एक रात्र सपाट जमिनीवर वजनाखाली ठेवा. स्क्रूची लांबी मोजून घ्या, टोक पुढून बाहेर यायला नको. रिपा विकत घेताना एक डोळा मिटून लांबीच्या दिशेने बघा. वाकडी रीप चौकटीत जाऊन सरळ होत नाही, ती फळीलाच वाकवते.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रायमर दोन्ही बाजूंना द्यायचा, पुढून आणि मागूनही. पुढचा लेप वाळताना आकसतो आणि फळीला आपल्याकडे ओढतो, म्हणून चारही कोपरे पुढे येतात आणि चित्र बशीसारखं होतं. मागची बाजू उघडी असेल तर ती हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि बाक आणखी वाढतो. मागे प्रायमरचे दोन हात दिले की दोन्हीकडची ओढ पुष्कळशी समान होते.

फळी आधीच बशीसारखी झाली असेल तर एक उपाय करून बघा. मागच्या बाजूला, रिपांच्या मधल्या चौकोनांत, पाण्यात भिजवून निथळलेला तपकिरी कागद भरपूर डिंक लावून चिकटवा. ओला कागद वाळताना आकसतो आणि फळीला मागे खेचतो. पुस्तकबांधणीत पुठ्ठा वाकू नये म्हणून हीच युक्ती करतात. बाक बोटभर असेल तर तो बराच सरळ होतो. त्याहून जास्त असेल तर नवी फळी घेतलेली बरी.

प्रश्न : लेप दिल्यावर दुसऱ्या दिवशी सगळीकडे तडे दिसले. काही ठिकाणी केसासारखे बारीक, काही ठिकाणी चांगले रुंद. मी तर पंखा लावून नीट वाळवलं होतं.

पंख्याने घात केला असण्याची शक्यता मोठी आहे, पण सगळे तडे एका कारणाचे नसतात. तड्याचा आकार पाहिला की कारण सापडतं.

लेपातलं पाणी उडून जातं तेवढा तो लहान होतो. खालची फळी मात्र तेवढीच राहते. पातळ थर हा ताण सोसतो, जाड थर फाटतो. चिखल वाळल्यावर जमिनीला भेगा पडतात तशा, बहुकोनी आणि कडा किंचित वर उचललेल्या भेगा दिसत असतील, तर थर एका वेळी फार जाड दिला गेला आहे. ३ मिमीच्या वर जायचं असेल तर दोन हातांत जा. पहिला हात दीड मिमीचा, आणि तो ओला असतानाच काट्याने किंवा कंगव्याने ओरखडून ठेवा, म्हणजे दुसऱ्या हाताला पकड मिळते. २४ तास जाऊ द्या, हवा दमट असेल तर ४८. मग दुसरा हात.

कोळ्याच्या जाळ्यासारखे, नखात न अडकणारे बारीक तडे सर्वत्र असतील, तर वरचा पापुद्रा आतल्या लेपाच्या आधी वाळला आहे. पंखा, थेट ऊन, हेअर ड्रायर यांचं हे काम. डिंक कमी पडला असेल तरीही असेच तडे येतात. पहिले ६ ते ८ तास खोलीत हवा खेळती असावी, पण वाऱ्याचा झोत चित्रावर येऊ नये. सावली आणि सबुरी दोन्ही लागतात.

एकच लांब, सरळ तडा गेला असेल तर चित्र उलटवून मागे बघा. बरोबर त्या रेषेत रीप संपत असेल किंवा फळीचा जोड असेल. तिथे फळी हलते आहे. वरून कितीही भरलं तरी तो तडा परत येणार, आधी मागून जोड पक्का करा. आणि लेप तुकड्यांनी निघून येत असेल, खालची बाजू स्वच्छ गुळगुळीत दिसत असेल, तर फळीवर धूळ, तेलकटपणा किंवा चमक राहिली होती.

दुरुस्तीसाठी बारीक तड्यांवर डिंक आणि पाणी सारखं घेऊन ब्रशने जिरवा, वाळल्यावर दाट इमल्शनचा एक हात द्या, ते दिसेनासे होतात. रुंद भेगा भरताना कडा सुरीने व्ही आकारात थोड्या मोकळ्या करा, आत पाणी शिंपडा, आणि भरण्याच्या लेपात थोडी वाळू घाला. कोरड्या भेगेत तसाच लेप भरला तर जुना लेप नव्यातलं पाणी शोषून घेतो आणि भरलेली भेग दुसऱ्या दिवशी कडेने सुटते.

तडे टाळण्याचा आणखी एक पक्का मार्ग आहे, आणि तो फार जुना आहे. मध्ययुगीन युरोपातले चित्रकार लाकडी फळीवर खडूचा किंवा जिप्समचा लेप देण्याआधी तिच्यावर अनेकदा लिननचं कापड सरसाने चिकटवत. फळीची हालचाल थेट लेपापर्यंत पोचू नये हा त्यामागचा एक हेतू. तुम्ही जुनी सुती चादर किंवा धोतराचं कापड घ्या. एक भाग डिंक, एक भाग पाणी असं मिश्रण फळीला फासा, कापड पसरा, मधून कडांकडे हाताने हवा काढत न्या आणि कडा मागे वळवून चिकटवा. दोन फळ्या जोडून मोठं माप करायचं असेल तर हे कापड आम्ही सक्तीचं मानतो.

प्रश्न : अर्धवर्तुळांच्या रेघांचा पोत करायचा आहे. कंगोरे स्वच्छ येत नाहीत, लेप पट्टीबरोबर ओढला जातो आणि कडा फाटतात.

लेप फार ओला आहे किंवा तुम्ही त्याच जागेवरून दुसऱ्यांदा फिरवता आहात. थर पसरल्यावर १० ते १५ मिनिटं थांबा. बोट हलकेच टेकवलं तर ठसा उमटतो पण लेप बोटाला चिकटून येत नाही, ती वेळ बरोबर. मग एकदाच, न थांबता, एका दमात फिरवायचं. मध्ये थांबलात की तिथे गाठ येते.

दातेरी पट्टी विकत घ्यायची गरज नाही. आइस्क्रीमच्या मोठ्या डब्याचं कडक झाकण किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या आणि ५ मिमी दात, ५ मिमी खाच, ६ मिमी खोली असं कापा. खाचा आतून काचपेपरने गुळगुळीत करा, कारण प्लास्टिकचा एक तुसा राहिला तरी प्रत्येक कंगोऱ्यावर त्याची रेघ येते. पट्टी पृष्ठभागाशी ४५ ते ६० अंशांत, चालण्याच्या दिशेने वरची कड झुकवून धरा. अगदी उभी धरली तर ती लेप खरवडते, फार आडवी केली तर कंगोरे दबून बुटके होतात.

वर्तुळासाठी खिळा आणि दोरा वापरू नका, दोरा ताणला जातो आणि कमान अंडाकृती होते. एक सडपातळ लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला खिळ्याचं भोक, दुसऱ्या टोकाला दातेरी पट्टी चिकटपट्टीने पक्की. खिळ्याची जागा चित्राच्या आत येत असेल तर फळीवर छोटा लाकडी ठोकळा दुहेरी टेपने चिकटवून त्यावर खिळा मारा. दर वेळी पट्टी ओल्या फडक्याने पुसा. आणि खरी चित्रफळी घेण्याआधी जाड पुठ्ठ्यावर तीन-चार कमानी काढा. हाताचा वेग तिथेच कळतो.

कंगोऱ्यांच्या माथ्यावर राहिलेले तुरे ओले असताना छेडू नका. लेप चामड्याइतका घट्ट झाला की लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा ओला करून अलगद आडवा फिरवा, तुरे आपोआप बसतात. कडेला मास्किंग टेप लावला असेल तर तो लेप ओला असतानाच काढा. वाळल्यावर ओढला तर कड त्याच्याबरोबर येते.

प्रश्न : पीओपी पाच मिनिटांत भांड्यातच घट्ट झालं. काय चुकलं?

बहुधा भांडं. आधीच्या घाण्याचे कडक झालेले कण भांड्यात किंवा चमच्यावर राहिले असतील तर नवं पीओपी त्यांच्याभोवती झपाट्याने जमतं. कोमट पाणी आणि जोरजोरात ढवळणं यांनीही तेच होतं. थंड पाणी घ्या, पाण्यात पावडर शिंपडत जा, उलट करू नका. पावडर पाण्याबाहेर छोट्या बेटांसारखी दिसू लागली की दोन मिनिटं भिजू द्या, मग सावकाश ढवळा. थोडा डिंक किंवा चिमूटभर सायट्रिक अॅसिड पाण्यात आधी विरघळवलं तर काम करायला जास्त वेळ मिळतो. घट्ट होऊ लागलेल्या पीओपीत पुन्हा पाणी घालू नका, ते वाळल्यावर भुसभुशीत होतं. अर्धा लिटरच्या वर घाणा एका वेळी करूच नका.

सुरक्षेचं एक सांगायलाच हवं. पीओपी घट्ट होताना चांगलंच तापतं. त्याच्या जाड गोळ्यात हात बुडवून ठेवल्याने गंभीर भाजल्याची उदाहरणं आहेत. मुलांच्या हाताचा ठसा घेण्यासाठी हात पीओपीत रोवून ठेवणं हा खेळ नाही. आणि उरलेला लेप, मग तो कोणताही असो, मोरीत ओतू नका. नळीत तो दगड होतो. भांड्यातच वाळू द्या आणि कचऱ्यात टाका.

प्रश्न : पोत छान आला होता, पण रंग दिल्यावर चित्र सपाट दिसायला लागलं.

दोन गोष्टी तपासा : रंगाची चमक आणि दिव्याची जागा.

पोत डोळ्याला दिसतो तो सावलीमुळे. चमकदार रंगावर दिव्याचे पांढरे ठिपके उमटतात आणि सावल्यांचा आकार मोडतो, म्हणून पूर्ण मॅट रंग घ्या. फार गडद रंगही सावली गिळतो. पांढरा, हस्तिदंती, वाळूचा, फिकट राखाडी, विटकरीची फिकी छटा यांवर ५ मिमीचा कंगोराही ठसठशीत दिसतो. काळ्यावर तोच हरवतो.

दिव्याचं गणित सोपं आहे. प्रकाश पृष्ठभागाला २० अंशांच्या तिरक्या कोनात घासून गेला तर ५ मिमी कंगोऱ्याची सावली जवळजवळ १४ मिमी लांब पडते. तोच प्रकाश ७० अंशांनी, म्हणजे जवळपास समोरून आला तर सावली जेमतेम २ मिमी. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने मारून बघा, मग समोरून मारा. फरक पाहिलात की चित्र कुठे लावायचं हे आम्हाला विचारावं लागणार नाही. खिडकी ज्या भिंतीला काटकोनात आहे ती भिंत दिवसा उत्तम. खिडकीच्या समोरची भिंत त्या मानाने वाईट.

कंगोऱ्यांची दिशाही यात येते. प्रकाश बाजूने येत असेल तर उभे कंगोरे उठून दिसतात, वरून येत असेल तर आडवे. कंगोऱ्यांना समांतर प्रकाश आला तर केलेली मेहनत दिसतच नाही. म्हणून जागा आधी ठरवा, नक्षी नंतर.

एकाच रंगात कंटाळवाणं वाटत असेल तर असं करा. लेप पूर्ण वाळल्यावर, म्हणजे किमान ३ दिवसांनी, पातळ प्रायमर द्या. हा हात चुकवू नका. लेपात काही जागी डिंक जास्त, काही जागी कमी असतो, आणि प्रायमर नसेल तर रंग कुठे पिला जातो, कुठे वरच राहतो आणि डाग दिसतात. मग मॅट इमल्शनचे दोन हात. ते वाळल्यावर त्याच रंगाची दोन छटा गडद आवृत्ती घ्या, १ भाग रंगात ४ भाग पाणी घाला, फूट-दीड फुटाच्या पट्ट्यात फासा आणि लगेच पिळलेल्या फडक्याने कंगोऱ्यांचे माथे पुसून घ्या. खाचांत रंग राहतो, सावली पक्की होते. संपूर्ण चित्रावर एकदम फासू नका, पुसायला पोचेपर्यंत अर्धं वाळलेलं असतं.

लेपातच रंग मिसळायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की खडू पांढरा आहे. त्यात कितीही लाल घाला, गुलाबीच होणार.

प्रश्न : टांगायचं कसं? वजनाची भीती वाटते.

भीती योग्य आहे, पण वजन मोजता येतं. प्लायवूड ४ किलो, रिपा ३ किलो, वाळलेला लेप ४ किलोच्या आसपास, म्हणजे ४ × ३ फुटांचं चित्र ११ किलोच्या घरात जातं. शंका असेल तर चित्र हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

मागे तार लावून एका खिळ्यावर टांगणं या मापाला बरोबर नाही. तार जितकी ताठ, तितका ताण जास्त. तारेच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक बाजूवर चित्राच्या पूर्ण वजनाइतका, म्हणजे ११ किलोचा ताण येतो. कोन १५ अंशांवर आला तर तोच २१ किलोवर जातो. ही ओढ चौकटीच्या उभ्या रिपांना आत खेचते आणि लेप कोपऱ्यांत तडकतो.

त्यापेक्षा जोडपट्टी करा. १८ मिमी जाडीची, तीन-साडेतीन इंच रुंद लाकडी पट्टी सुताराकडून लांबीच्या दिशेने ४५ अंशांत तिरकी चिरून घ्या. एक अर्धी भिंतीवर बसवायची, तिचा तिरका काप वर आणि भिंतीकडे उतरता, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये खाच तयार होते. दुसरी अर्धी चित्राच्या वरच्या रिपेवर उलटी बसवायची. ती वरून त्या खाचेत उतरते आणि वजन पूर्ण रुंदीवर वाटलं जातं. चित्राच्या खालच्या रिपेवर तेवढ्याच जाडीचे दोन ठोकळे लावा, नाहीतर चित्र खालून आत झुकतं. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत किमान तीन जागी ड्रिलने भोक पाडून, प्लास्टिकचे प्लग बसवून स्क्रू मारा. भोक विटेत हवं, नुसत्या गिलाव्यात नको. पाडताना पावडर वाळूसारखी करडीच येत राहिली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर जागा दोन इंच सरकवा. पोकळ जिप्समची भिंत असेल तर मागच्या उभ्या आधारातच स्क्रू घ्या.

उंचीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा. सोफ्याच्या वर लावायचं तर पाठीपासून १५ ते २० सेंमी अंतर आणि सोफ्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश रुंदी, हे प्रमाण डोळ्याला बरं वाटतं.

प्रश्न : भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नाहीत. हलकं काही होईल का?

होईल. २५ मिमी जाडीचा दाट इन्सुलेशन फोम, जो बहुधा निळ्या किंवा गुलाबी पाट्यांत मिळतो, ४ × ३ फुटांना किलोभरच भरतो. पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी, वर सांगितल्याप्रमाणे सुती कापड डिंकाने चिकटवा. एकाच बाजूला लावलं तर फोम धनुष्यासारखा वाकतो. वर २ मिमीपर्यंत लेप द्या. सगळं मिळून साडेचार किलोच्या आत राहतं. साधा थर्माकोलही चालतो, पण त्याचे दाणे कडेने सुटतात, म्हणून कडांवर कापड घट्ट वळवा. दोन्ही फोमना थिनरवाला रंग, स्प्रे पेंट किंवा रबरी सोल्यूशन लावू नका, ते फोम विरघळवून खड्डे पाडतात.

असं चित्र कमी उंचीच्या कपाटावर किंवा बैठ्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवा, खाली रबराचे तुकडे लावा. चिकटपट्ट्यांवर टांगायचं असेल तर पट्टीवर लिहिलेल्या भाराच्या निम्माच भार धरा. पट्टी टिकते, भिंतीचा रंग सुटून येतो. पलंगाच्या डोक्यावर पट्ट्यांच्या भरवशावर काहीच टांगू नका.

फोमही नको असेल तर मोठं माप तीन फळ्यांत वाटा. प्रत्येकी १६ × ३६ इंचांच्या तीन फळ्या जमिनीवर एकमेकींना भिडवून ठेवा, पोत सलग काढा, आणि लेप ओला असतानाच सांध्यांतून सुरी फिरवा. लावताना मध्ये दीड इंच अंतर सोडा. उचलायला सोपं, आणि एक फळी बिघडली तर एकच पुन्हा करावी लागते.

प्रश्न : स्नानगृहाच्या बाहेरच्या भिंतीला ओल असते. तिथे लावलं तर?

लावू नका. खडू-डिंकाचा लेप आणि जॉइंट कंपाउंड दोन्ही ओलाव्याने मऊ पडतात, आणि मागे बुरशी धरते. ओल गेल्यानंतरही चित्र आणि भिंत यांच्यात सेंटिमीटरभर हवा खेळेल असे ठोकळे ठेवा. जोडपट्टीने टांगलं तर ही जागा आपोआप मिळते.

प्रश्न : धूळ कशी काढायची? पुसलं तर पांढरं पुसलं जातं.

पुसलं जातं म्हणजे वरून संरक्षक हात दिलेला नाही. पाण्यावर आधारित मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, जाड एक नको. जाड हात खाचांत साचतो आणि तिथे दुधट दिसतो. त्यानंतर मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने वरून खाली झाडत या. फडका नको, त्याचे धागे टोकांत अडकतात. आडवे कंगोरे म्हणजे धुळीसाठी मांडलेल्या फळ्याच असतात, उभ्यांवर धूळ फारशी टिकत नाही. स्वयंपाकघराजवळ लावायचं असेल तर नक्षी उभीच निवडा, कारण तेलकट वाफेत बसलेली धूळ ब्रशने निघत नाही आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून इलाज राहत नाही.